रिकाम्या हॉलमधला तास

सिंगापूरच्या ज्या विद्यापीठात मी नोकरी करत होते, तिथे माझं काम म्हणजे कुठली खोली रिकामी आहे हे माहीत असणं. पदाचं नाव लांबलचक होतं, त्यात 'प्लॅनिंग' होतं, 'रिसोर्सेस'ही होतं, पण आईला फोनवर मी सांगायचे, "अगं, वर्गांना भाडेकरू शोधून देते." कुठल्या विभागाला कुठला हॉल द्यायचा, प्रोजेक्टर कधी बदलायचे, माइकच्या बॅटऱ्या कुणाच्या खर्चातून आणायच्या, एसी कधी बंद करायचा, ही सगळी भांडणं शेवटी माझ्या टेबलावर यायची. भांडणं मिटवण्यात मी हुशार होते, कारण मला मुळात भांडायला आवडतं.

त्या वर्षांत वर्ग ओस पडायला लागले होते. प्रत्येक व्याख्यान आपोआप रेकॉर्ड व्हायचं आणि संध्याकाळपर्यंत मुलांच्या लॅपटॉपवर पोचायचं. मग बस पकडून, जॅकेट घालून त्या बर्फासारख्या हॉलमध्ये बसायला येतंय कोण? मुलं हॉस्टेलच्या खोलीत नूडल्स खात दीडपट वेगानं प्राध्यापक ऐकायची. भल्यामोठ्या हॉलमध्ये चार-दोन टाळकी दिसली तरी नशीब. म्हणून आम्ही प्रत्येक रांगेवर सेन्सर बसवले. रांगेत हालचाल नसेल तर तिच्यावरचा दिवा आपोआप जाणार. कल्पना माझीच होती. विजेचं बिल उतरलं, शाबासकी म्हणून मला एक मग मिळाला, आणि त्या मगातून मी पुढे कितीतरी दिवस ऐटीत चहा प्यायले.

रेकॉर्डिंग मात्र साठत चालली होती. सर्व्हर तुडुंब भरला आणि नवीन जागा घ्यायला बजेटमध्ये वाव नव्हता. माझी बॉस माझ्याच वयाची, इथलीच चिनी बाई होती. जेवण टेबलावरच उरकायची आणि बोलणंही तेवढंच झटपट. "डुप्लिकेट्स सगळे काढून टाक. कॅन?" तिनं विचारलं, म्हणजे जमेल का. "कॅन," मी म्हटलं. त्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते प्रत्येक रेकॉर्डिंगमधल्या बोलण्याचा मजकूर काढायचं, एकमेकांशी ताडून बघायचं आणि जुळणाऱ्या जोड्या समोर ठेवायचं. दोन्ही एकच असल्याची खात्री करायची आणि एक पुसून टाकायचं. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी एक जोडी आली, तिनं मात्र मला थांबवलं. एक रेकॉर्डिंग गेल्या वर्षीचं होतं आणि दुसरं त्याच आठवड्यातलं. दोन्ही सरांची होती.

सर म्हणजे आमच्या पुण्याचे. केमिकल इंजिनीअरिंगच्या मुलांना उष्णतेचं वहन शिकवायचे. जुरोंग आयलंडच्या रिफायनऱ्यांमध्ये त्यांचे विद्यार्थी इतके होते, की तिकडच्या कंपनीच्या बसमध्ये सर चढले तर पास न दाखवताही त्यांना आत सोडतील असं आम्ही चिडवायचो. मी नवीन असताना मराठी मंडळींच्या गणपतीत ओळख झाली. नंतर क्वीन्सटाउनला त्यांच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये मी फ्लॅट घेतला आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या हातची थालीपीठं हक्कानं खायला लागले. निवृत्तीचं वय उलटलं तरी विभागानं सरांना सोडलं नव्हतं, वर्षावर्षानं करार वाढवत होते. या डिसेंबरला मात्र ते दोघं कायमचे पुण्याला जाणार होते. ही त्यांची शेवटची टर्म.

मला वाटलं, मशीननं गेल्या वर्षीचंच रेकॉर्डिंग नव्या तारखेनं साठवलंय. टेक्निशियनला बोलावलं. तो पन्नाशीचा चिनी गृहस्थ. तोंडात सतत आल्याची गोळी, आणि मी काही विचारलं की आधी सुस्कारा. त्यानं दोन स्क्रीनवर दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावली आणि काही वेळ बघत राहिला.

"लेक्चर सेम," तो म्हणाला, "शर्ट डिफरंट लाह."

खरंच. गेल्या वर्षीचे सर निळ्या शर्टात होते, या वर्षीचे पांढऱ्या. या वर्षीचे सर वाळलेले दिसत होते, कॉलर गळ्याला सैल झाली होती. पण दोघांचे ओठ एकाच वेळी हलत होते. शब्दन् शब्द तोच. एका वाक्यानंतर निळे सर खोकले. पांढरे सर खोकले. निळ्यांनी पाण्याचा घोट घेतला. पांढऱ्यांनी ग्लास उचलला, तो रिकामा होता, तरी ओठाला लावून खाली ठेवला. मी हसायला गेले आणि हसू आलंच नाही.

मग विनोद आला, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरचा काका कॉफी उंचावरून का ओततो याचा. निळे सर बोलून थांबले आणि गालात हसत समोर बघत राहिले. आमचा माइक फक्त बोलणाऱ्याच्या टेबलावर असतो, मुलांचं काही त्यात येत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी हॉलमध्ये जो हशा झाला असेल त्याच्या जागी रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता होती. पांढरे सरही तेवढाच वेळ, तसेच, गालात हसत थांबले. त्यानंतर दोघांनीही मान उजवीकडे वळवली, कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखी किंचित हलवली आणि म्हणाले, "गुड क्वेश्चन."

"या वर्षी त्या जागेवर कोण बसलं होतं?" मी विचारलं.

टेक्निशियननं हॉलच्या मागच्या कॅमेऱ्याचं चित्र काढलं. रांगांमागून रांगा अंधारात गेलेल्या आणि खाली दिव्यात एकटे सर, रिकाम्या खुर्चीला उत्तर देताना. टेक्निशियन गोळी चघळायची विसरला होता.

"सेव्हन्थ मंथ," तो हळूच म्हणाला. तो त्यांचा सातवा महिना होता, भुतंखेतं मोकळी सुटतात तो. सरकारी हाउसिंगच्या ब्लॉकखाली त्या दिवसांत गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि पहिली रांग मुद्दाम रिकामी ठेवतात, न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी. "पण तिथं फक्त पहिली रांग," तो म्हणाला. "या हॉलमध्ये सगळ्याच रांगा पहिल्या." एवढं बोलून तो निघून गेला, स्क्रीन बंद करायलाही थांबला नाही.

पुढच्या आठवड्यात सरांच्या तासाला मी बाजूच्या दारानं हॉलमध्ये शिरले. माझे सेन्सर चोख काम करत होते. मी शिरले त्या रांगेवर दिवा लागला, आणि मी नुसती उभी राहिले तसा काही वेळानं तो विझलाही. खाली सर बोलत होते. आवाज स्वच्छ, लय तीच, फळ्यावरचं अक्षर तेच सुरेख. ते प्रश्न विचारत, थांबत आणि कोणीतरी बरोबर उत्तर दिल्यासारखे "एक्झॅक्टली" म्हणत. हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा मला दिसलं, की शेवटच्या रांगेच्या टोकाला कुणीतरी बसलंय. न हलता. डोक्यावरून शाल घेतलेली. आणि त्या चेहऱ्यावर फक्त ओठ हलत होते. सर बोलत होते तेच शब्द ते ओठ बोलत होते, आवाज न करता, क्वचित अर्धा शब्द त्यांच्या आधी. मी जागच्या जागी थिजले, खोटं कशाला सांगू. मग सरांचा एक शब्द अडखळला, तशी ती शाल पुढे झुकली, तिच्यावरचा दिवा लागला आणि मला काकू दिसल्या.

त्यांनी मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं नाही, काही खूण केली नाही. नजर परत सरांवर लावली आणि ओठ पुन्हा हलू लागले. तास संपेपर्यंत मी तिथेच दाराशी उभी होते.

शनिवारी संध्याकाळी काकूंनीच फोन करून बोलावलं. "ये, तुला बघायचंच असेल तर नीट बघ," म्हणाल्या. क्वीन्सटाउनचे ते जुने ब्लॉक, लांबच लांब कॉरिडॉर, दारादारांत कुंड्या. त्यांच्या दाराशी पोचायच्या आधीच मला सरांचा तास ऐकू यायला लागला. दार उघडंच होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, समोर काकू, आणि सर भिंतीजवळ ताठ उभे, हात पाठीमागे. लॅपटॉपमधले गेल्या वर्षीचे सर एक परिच्छेद बोलायचे, काकू त्यांना थांबवायच्या आणि म्हणायच्या, "हं. म्हणा."

आणि सर म्हणायचे.

काकू पुण्याला मराठी शाळेत प्राथमिकला शिकवत होत्या. वर्षानुवर्षं त्यांनी मुलांकडून पाढे म्हणून घेतले, कविता म्हणून घेतल्या, श्लोक म्हणून घेतले. आता हातात फुटपट्टी नव्हती एवढंच. "इथे खोकायचं नाही हो," त्या म्हणाल्या. "मागे सांगितलं होतं. तुम्ही खोकलाही पाठ करून ठेवलाय."

"खोकला काढला तर पुढचं येत नाही," सर ओशाळून म्हणाले. माझ्याकडे बघून छान हसले आणि इंग्रजीत विचारलं, मी कुठल्या वर्षाला आहे. मी काकूंकडे पाहिलं. "तिसऱ्या, सर," मी म्हटलं.

मग काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. एप्रिलमध्ये नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी निदान सांगितलं होतं. विस्मरणाचा आजार. नवीन काही राहत नव्हतं, जुनं अजून गेलं नव्हतं. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नव्हतं, पण एकदा लय सापडली की अख्खा तास अखंड म्हणता येत होता. मुलांच्या शंका, गृहपाठ, पेपर तपासणं हे सगळं विभागातले तरुण ट्यूटर बघत. सरांनी फक्त आठवड्याला एकदा उभं राहून बोलायचं. म्हणून काकूंनी मे महिन्यापासून ही शाळा मांडली होती. रेकॉर्डिंगमध्ये जे जे होतं ते सगळं त्यांनी बसवून घेतलं होतं, कारण कुठला धागा ओढला तर काय उसवेल हे त्यांना कळत नव्हतं. मुलांच्या हशाच्या जागची शांतता, 'गुड क्वेश्चन', आणि ते उजवीकडे बघणं.

मला आधी वाईट वाटायला हवं होतं. पण मला राग आला, चांगलाच. "काकू, हे बरोबर नाही," मी म्हटलं. "मुलं फी भरतात. विद्यापीठ पगार देतं. उद्या कुणाच्या लक्षात आलं म्हणजे? सरांचीच शोभा होईल."

"बरोबर नाहीच," काकू म्हणाल्या. "मी कुठे म्हणतेय बरोबर आहे? मुलांना चुकीचं शिकवलं जातंय का, सांग. गेल्या वर्षी ह्याच तासांना सगळ्यात जास्त वाखाणलं होतं ना तुमच्या मुलांनी?"

मी ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करायला लागले.

"हे बघ, त्यांना माहितीय काय होतंय ते. सगळं नाही, पण पुरेसं माहितीय. रोज मला विचारतात, आपला तास कधी? मी सांगते, गुरुवारी. मग दाढी करतात. ज्या दिवशी तास बंद होईल त्या दिवशी ते उठणार नाहीत. डॉक्टर असं म्हणाले नाहीत, मी म्हणतेय." त्यांनी गॅस बारीक केला. "नोव्हेंबरात टर्म संपेल. मग मी त्यांना घेऊन जाईन, कुणाला काही बोलायला जागा ठेवणार नाही. तोवर त्यांना मधूनच कुणी उठवू नये. तुझ्याकडून मला एवढंच हवंय."

बाहेर लॅपटॉप परत चालू झाला होता आणि सर त्याच्याबरोबर पुढचा परिच्छेद म्हणायला लागले होते. त्यांचा आणि लॅपटॉपमधला आवाज एकमेकांत मिसळत होते आणि कुठला जिवंत ते भिंतीपलीकडून सांगता येत नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी थालीपीठ खाल्लं आणि मग गेले.

सोमवारी ऑफिसात बॉसनं हॉलच्या वापराचा विषय काढला. सरांच्या तासाला उपस्थिती शून्य. "एवढा मोठा हॉल, एसी चालू, आत कोणी नाही. व्हाय?" तिनं चमच्यानं भात गोळा करत विचारलं. "मुलं रेकॉर्डिंगच बघतात ना? मग गेल्या वर्षीचं लावून टाक. हॉल वाचेल, वीज वाचेल. प्रोफेसरलाही आराम."

तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तास असता तर हे मीच सुचवलं असतं आणि दुसरा मग मिळवला असता. पण एक जिवंत माणूस दर गुरुवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग होऊन तिथे उभा राहत होता हे मी तिला कसं सांगणार? मी म्हटलं, शेवटची टर्म आहे, माणूस मोठा आहे, मधेच वेळापत्रक बदललं तर विभाग नाराज होईल. यातलं काही खोटं नव्हतं.

तिनं डबा झाकला. "ओके. पण एक जरी तक्रार आली विद्यार्थ्यांकडून, तर बंद. कॅन?"

"कॅन," मी म्हटलं. त्या जोडीसमोर मी 'ठेवावे' अशी खूण केली. पुढच्या आठवड्यात मशीननं पुढची जोडी आणून दिली, तिच्यासमोरही केली.

त्यानंतर दर गुरुवारी मी काकूंच्या शेजारी जाऊन बसायला लागले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. पहारा म्हणा. दिवे एकेक रांग करत विझत जायचे, काळोख आमच्यापर्यंत चढत यायचा, आणि खाली सर न आलेल्या मुलांना हसवायचे, त्यांच्या शंका फेडायचे. कधी कधी मला शपथेवर वाटायचं की हॉल भरलेला आहे आणि फक्त आम्हा दोघींनाच दिसत नाहीये. काकू हलायच्या नाहीत. त्यांच्या ओठांतून शब्दांचा नुसता वारा यायचा. त्या वाऱ्याची मला भीती वाटायची, आणि तो थांबेल याची त्याहून जास्त.

ऑक्टोबरात एका गुरुवारी तास सुरू व्हायच्या आधी एक मुलगी आत आली.

साधीच मुलगी, एकोणीस-वीसची, चिनी, पाठीवर सॅक. मधल्या रांगेत बसली आणि इथल्या सवयीनं शेजारच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवली, म्हणजे त्या ओसाड हॉलमध्ये तिच्या बॅगेची जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये. दुसरी वेळ असती तर मी हसले असते. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती.

सर आले, चष्मा पुसला, "गुड आफ्टरनून, एव्हरीवन" म्हणाले आणि तास सुरू झाला. विषय होता नळ्यांवरच्या वेष्टणाचा. जाड नळीला वेष्टण घातलं की आतली उष्णता टिकते. पण अगदी बारीक नळीला घातलं तर उलटंच होतं, एका मर्यादेपर्यंत उष्णता आणखी जास्त बाहेर पडते. "म्हणून," सर म्हणाले, "तुमच्यात जे फार बारीक असतील त्यांनी कृपया जॅकेट काढून ठेवावं." आणि गालात हसत थांबले.

त्या शांततेत ती मुलगी हसली. एकटीच, मोठ्यानं, छान. इतक्या आठवड्यांत त्या रिकाम्या जागेत पहिल्यांदाच काहीतरी पडलं होतं. सरांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. पण हशाची वेळ संपली आणि ते पुढे गेले. काकूंनी श्वास सोडला.

थोड्या वेळानं मुलीनं हात वर केला.

हालचालीनं तिच्या रांगेवरचा दिवा लख्ख लागला. "प्रोफ, सॉरी," ती म्हणाली. "मी गेल्या वर्षीचा व्हिडिओ तीनदा बघितला, तरी हा भाग कळत नाही. म्हणून आले. ती मर्यादा कुठून येते? म्हणजे, नळीला कसं कळतं कुठे थांबायचं?"

सर थांबले. त्यांचं वाक्य अर्धं झालं होतं. माझ्या शेजारी काकूंचे ओठ दोन शब्द पुढे गेले आणि तेही थांबले. सरांनी मुलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, हातातल्या खडूकडे पाहिलं. ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तीस वर्षं दिलं होतं तो प्रश्न समोर उभा होता आणि ते त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत होते. काकूंनी पुढचे शब्द उच्चारले, चक्क आवाजात. हॉल मोठा होता. ते खालपर्यंत पोचले नाहीत.

मुलगी वाट बघत होती. हात अजून अर्धवट वर.

मग सरांनी घसा साफ केला, पडद्यावरचं चित्र मागे नेत नेत पहिल्या पानावर आणलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "गुड आफ्टरनून, एव्हरीवन."

पाठांतराचं असंच असतं. मधे कुणी टोकलं की तिथूनच पुढे जाता येत नाही, पहिल्यापासून धावत यावं लागतं. माझंही लहानपणी व्हायचं. सर सगळा तास पहिल्यापासून बोलायला लागले. तीच वाक्यं, तोच घोट, फळ्यावरच्या आधीच्या आकृतीवर पुन्हा तीच आकृती, रेषेवर रेष. घरात पाहुणा येऊन बसावा तशी भीती येऊन माझ्या शेजारी बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

मुलगी गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. तिनं मागे वळून पाहिलं. काकूंनी तिला हात जोडले. तेवढ्या हालचालीनं आमच्यावरचा दिवा लागला, आणि त्या मुलीला शेवटच्या रांगेत दोन बायका दिसल्या: एक मी, आणि एक हात जोडून बसलेली म्हातारी, जिचे ओठ सरांच्या बरोबर हलत होते. मुलगी आमच्याकडे बघत राहिली. ती आता बॅग उचलेल, बाहेर जाईल, फोन काढेल, आणि संध्याकाळी बॉसच्या टेबलावर तक्रार असेल. मी त्या क्षणी बॉसला काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला लागले होते.

मुलगी पुढे वळली. वहीचं पान उलटलं आणि कोरं काढलं.

वेळ संपत आली तशी दाराबाहेर पुढच्या वर्गाची गर्दी जमायला लागली. मी उठून बाहेर गेले. पुढचा प्राध्यापक तरुण होता, घड्याळ दाखवून म्हणाला, आता हॉल आमचा आहे. मला माहीत होतं, मीच दिला होता. आयुष्यभर मी लोकांना हॉलमधून वेळेवर बाहेर काढत आले. बोलणाऱ्यांचे माइक बंद केले, दिवे बंद केले, एकदा तर एका डीनचं भाषण तोडलं.

"हॉल रिकामा नाही," मी म्हटलं.

"टेक्निकल प्रॉब्लेम?"

"नाही. लेक्चर चालू आहे." ते मी अशा काही आवाजात सांगितलं असावं, की त्यानं वाद घातला नाही. मी आत येऊन दार लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. पाठीवर बाहेरच्या मुलांची कुजबुज जाणवत होती.

सर बारीक नळीपाशी आले. फार बारीक असणाऱ्यांनी जॅकेट काढावं म्हणाले, गालात हसत थांबले. आणि ती मुलगी पुन्हा हसली. तेवढंच, तसंच, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग ती जागा आली. मला ती कळली, काकूंना कळली, मुलीला तर कळलीच असणार. तिचे दोन्ही हात वहीवर होते. सर त्या अर्ध्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले. गेल्या वर्षी ते इथे थांबले नव्हते. काकूंचे ओठ पुढे निघून गेले, सर गेले नाहीत. त्यांनी खडू टेबलावर ठेवला, दोन पावलं पुढे आले आणि अंधारातल्या त्या मुलीकडे डोळे बारीक करून, काळजीनं, कितीतरी वेळ बघत राहिले.

"एनी क्वेश्चन?" त्यांनी विचारलं. हे वाक्य कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं.

"नो, प्रोफ," मुलगी म्हणाली. "अंडरस्टँड ऑलरेडी."

सरांनी मान हलवली, खडू उचलला आणि तास पुढे सुरू केला.